हलका क्लच

"वास घ्या, सर," मुनीर म्हणाला आणि त्याने ती जळलेली क्लचप्लेट माझ्या नाकाजवळ धरली.

मी वास घेतला. ओल्या गोणपाटाला आग लागावी तसा वास होता. प्लेट जेवणाच्या ताटाएवढी, कडेला निळी-काळी पडलेली. आमची गाडी उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवलेली होती आणि तिच्या पोटातून काढलेला गिअरबॉक्स खाली फळीवर पडला होता. माझा मुलगा अभिनंदन पुण्याहून शनिवारी आला होता. तो फळीशेजारी उकिडवा बसून मोबाइलवर फोटो काढत होता.

"भूपालसाहेबांनी ही गाडी ट्रॅकवर मारली, आंबोलीच्या घाटात मारली," मुनीर म्हणाला. "त्यांच्याकडनं क्लच कधी गेला न्हाई. तुमच्याकडं आली आन् वर्षात गेला. चालवतंय कोण नक्की?"

"मीच," मी म्हणालो.

"आप्पा, तुम्ही तर चाळीसच्या वर जात नाही," अभिनंदन म्हणाला.

"चाळीसच्या खालीच जास्त जळतो, दादा. अर्धा क्लच दाबायचा आन् गाडी ओढत बसायची. हाफ क्लच. तीनशे घोडे हाईत हिच्यात. हिला असं चालवायचं म्हंजे पैलवानाला सुईत दोरा ओवायला बसवल्यागत झालं."

तो हसला, अभिनंदन हसला, मीही हसलो. माझ्यावर कोणी हसले की मलाही हसायची सवय आहे.

ही गाडी माझ्याकडे कशी आली हे सांगायला हवे. माझे मेहुणे भूपाल चौगुले यांची शिरोलीला फाउंड्री होती आणि त्यांना वेगाचे वेड होते. ही निळी, दोन दारांची जर्मन गाडी त्यांनी हौसेने घेतली आणि मुनीरकडून आणखी तयार करून घेतली. शेवटच्या आजारात त्यांनी घरच्यांना सांगितले, "मोटार दाजींना द्या." दाजी म्हणजे मी, शांतिनाथ मगदूम, कॉलेजात ग्रंथपाल म्हणून जन्म घालवलेला माणूस. मी चाळिशीनंतर मोटार शिकलो, तेही आधी त्यावरचे पुस्तक वाचून. गाडी माझ्या नावावर झाली तेव्हा लोक म्हणाले, भूपालअण्णांनी जाता जाता थट्टा केली. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते.

"आता खर्चाचं सांग," अभिनंदन उठत म्हणाला.

मुनीरने हात पुसले. "कंपनीत गेला तर साडेचार लाख. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, आन् क्लचमागचं हे जड चाक, फ्लायव्हील. निम्मे पैसे हे चाकच खातंय. तोच ओरिजिनल माल मी मागवला तर सव्वातीन. आन् तिसरा रेसिंगचा. कोइमतूरला बनवत्यात. चाकासकट दीड लाखात काम. ह्याच्या दुप्पट टिकंल."

"मग रेसिंगचाच टाक. विचारायचं काय त्यात?"

"त्याचं पेडल कसं असतं?" मी विचारले.

दोघांनी माझ्याकडे बघितले. गॅरेजमध्ये मी सहसा प्रश्न विचारत नसे.

"घट्ट. जिमला जायला नको."

"म्हणजे किती घट्ट?"

मुनीरने कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या गाडीकडे बोट केले. "त्यात तोच हाय. बसून बघा."

मी बसलो. डावा पाय पेडलवर ठेवून दाबला. पेडल हलले नाही. पाठ सीटला टेकवून पुन्हा दाबला तेव्हा गेले, पण मांडीपासून पोटरीपर्यंत सगळा पाय ताठला. तिसऱ्यांदा दाबताना गुडघ्यात कळ आली. मी उतरलो.

"आणि हा अर्धा धरता येतो का?"

"न्हाई सर. ह्यो धरला तर धरला, सोडला तर सोडला. मधलं काय न्हाई. तुमच्यासाठी बरंय की, सवय मोडंल."

"मग तो आधीचा हलकाच टाक," मी म्हणालो.

मुनीर डोके खाजवायला लागला. अभिनंदनने मला दंडाला धरून दाराकडे नेले. दारापर्यंत जाऊनही मुनीरला सगळे ऐकू जाणार होते, पण अभिनंदनचा तसा स्वभाव आहे, वाद घालायचा तर बाजूला जाऊन.

"आप्पा, हुबळीचा तो माणूस पुढच्या रविवारी येतोय. त्याला ट्रॅकसाठीच गाडी हवीय. रेसिंगचा क्लच असला तर तो जास्त देईल. दीड लाख घातले तर तीन सुटतील. तुम्ही सव्वातीन घालून त्याला नको असलेली वस्तू बसवताय."

"मी गाडी विकतो असं म्हटलं नव्हतं."

"विकू नका असंही म्हटलं नव्हतंत. मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही 'बघू' म्हणालात."

हे खरे होते. मी आयुष्यात फारच थोड्या गोष्टींना नाही म्हटले आहे. कॉलेजात कुणी नवे पुस्तक महिनाभर ठेवून घेतले तरी मी 'बघू' म्हणत असे, आणि आतल्या आत चरफडत असे.

"आता म्हणतो," मी म्हणालो. "विकायची नाही."

"आणि सव्वातीन लाख आणायचे कुठून?"

"ठेव आहे."

अभिनंदनचा आवाज खाली आला. तो रागावला की आवाज खाली येतो, त्याच्या आजोबांसारखा. "ती ठेव आईच्या गुडघ्याची आहे, आप्पा."

आत मुनीर एक पाना पुसत होता. तो आधीच स्वच्छ होता.

"तुम्ही गाडी जाळायची आणि तिनं लंगडत फिरायचं?"

याला माझ्याकडे उत्तर होते. ते द्यायचे नाही असे मी कबूल केले होते. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो. आपण चुकतो आहोत असे मला नेहमीच वाटते, त्या दिवशीही वाटले. फरक इतकाच की तसे वाटत असूनही मी आत गेलो आणि मुनीरला म्हणालो, "हलकाच. मागव तू."

घरी पोचलो तेव्हा पद्माने पाने घेतली होती. पद्मावती, माझी बायको, भूपालची धाकटी बहीण. ती स्वयंपाकघरातून येताना डावा पाय जरा जपून टाकत होती. अभिनंदनने तो पाय बघितला आणि मग माझ्याकडे बघितले.

"आई, ह्यांना जरा सांग," तो बसता बसता म्हणाला.

"काय सांगू?"

"क्लच जळलाय. दीड लाखात होतोय, दणकट. ह्यांना सव्वातीनचा पाहिजे. का, तर हलका आहे."

पद्मा भाकरी वाढत होती. ती अभिनंदनशी न बोलता मला म्हणाली, "हलका म्हणजे किती हलका?"

"आधी होता तसाच."

"आणि तो दुसरा?"

"मी दाबून बघितला. नाही जमणार."

"कुणाला नाही जमणार?" अभिनंदन म्हणाला. "आप्पा, नसेल जमत तर सोडून द्या ना. तुम्ही अडुसष्टचे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मामांनी दिली म्हणून आयुष्यभर सांभाळायची असं थोडंच आहे? लोक काय म्हणतात माहीत आहे? कॉलनीतले बर्गे मला म्हणाले, तुझे वडील म्हातारपणी हिरो झालेत."

"बर्गे म्हणाले?" पद्माने विचारले.

"हो."

"त्यांना स्वतःची स्कूटर स्टँडवर लावता येत नाही."

"आई, विषय तो नाहीये. आप्पा, चावी द्या मला. मी रविवारी त्या माणसाशी बोलून मोकळा होतो."

त्याने ताटावरून हात पुढे केला. डावा हात, उजवा उष्टा होता. एक चावी मुनीरकडे होती, दुसरी माझ्या शर्टाच्या खिशात. लहानपणी हाच हात तो असाच पुढे करायचा आणि मी खिशात असेल ते देऊन टाकायचो. मी खिशावर हात ठेवला.

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे देणार नाही."

"कारण तरी सांगा. एक कारण सांगा, मी गप्प बसतो."

मी भाकरी मोडत बसलो. उसळ निवत होती. मग पद्माने भाकरीची दुरडी खाली ठेवली.

"त्यांच्यावर कशाला ओरडतोस? क्लच मी जाळला," ती म्हणाली.

अभिनंदनला आधी कळलेच नाही. "तू काय जाळलंस?"

"क्लच. मी गाडी शिकतेय. दिवाळीपासून. माझा शिकाऊ परवाना आहे, आरटीओत जाऊन काढलाय. हे गाडी वाघबिळाच्या पुढे नेतात, तिथनं मी घेते. यांनी पुठ्ठ्यावर लाल रंगात एल काढलाय, तो पुढं-मागं चिकटवायचा, कॉलनीच्या आधी काढायचा."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे टाळले.

"आणि शिकवतं कोण?"

"हे."

"हे?" तो म्हणाला. त्या एका शब्दात त्याने माझे सगळे ड्रायव्हिंग मोजले. ते मोजमाप बरोबरच होते.

"चांगलं शिकवतात. ओरडत नाहीत. चढावर लिंबाची परीक्षा घेतात."

"कसल्या लिंबाची?"

आता मला बोलणे भाग होते. सांगलीत मी ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो तिथल्या मास्तरांची ती रीत होती. चढावर गाडी उभी करायची, मागच्या चाकाच्या मागे चिकटून लिंबू ठेवायचे, आणि लिंबू न चिरडता गाडी वर न्यायची. ब्रेक सोडून, क्लच अर्धा धरून गाडी जागच्या जागी तोलायची. जो तोलेल तो पास. हँडब्रेकला हात लावला तर मास्तर तोंड फिरवायचे. माझ्या तुकडीत एकट्या माझे लिंबू वाचले होते. मला येणारी ती एकच गोष्ट, म्हणून मी पद्माला तीच शिकवली.

"ती माझ्यापेक्षा बरी करते," मी म्हणालो. "गाडी चढावर तशीच धरून ठेवते. खूप वेळ."

"खूप वेळ," अभिनंदन म्हणाला. "तीनशे हॉर्सपॉवरची गाडी. हाफ क्लचवर. चढावर. लिंबासाठी."

"त्या दिवशी धूर आला तेव्हा मला वाटलं कुणीतरी शेतात पाचट जाळतंय," पद्मा म्हणाली.

अभिनंदनने कपाळाला हात लावला. तो हसेल असे मला क्षणभर वाटले, पण तो हसला नाही. तो मुलगा वाईट नाही. त्याला आमची काळजी वाटते, आणि त्या काळजीपुढे माझे काही चालत नाही.

"आई, तुला गाडीच शिकायची होती तर मला सांगायचंस. मी छोटी गाडी घेऊन देतो. ऑटोमॅटिक. क्लचच नसतो त्याला. बाजारात जा, देवळात जा."

"मला बाजारात जायचं नाही. बाजार चालत जाण्याइतका जवळ आहे."

"मग कुठं जायचंय?"

"कुठं नाही. ही चालवायची आहे." ती भिंतीला टेकून उभी राहिली, डाव्या पायावरचा भार काढून. "आमच्या माहेरी पाच गाड्या झाल्या. एकेक आली की मी तिला कुंकू लावायचं, ओवाळायचं, मग मागं बसायचं. अण्णाला एकदा म्हटलं, मला शिकव. लग्नाआधी. तो म्हणाला, पद्मे, तू कशाला, तुला न्यायला गाडी घेऊन कोणी ना कोणी येईलच. वाईट नव्हता तो. खरंच कोणी ना कोणी यायचं."

"मामांनी गाडी आप्पांना दिली."

"आमच्याकडं मुलीला द्यायचं ते जावयाच्या नावावर देतात. शिवारातला तुकडा तसाच दिला, ठाऊक आहे ना? अण्णाला यांना गाडी द्यायची काय गरज होती? हे पुस्तक वाचत रिक्षात बसणारे. शेवटी दवाखान्यात माझ्याकडं बघून म्हणाला, मोटार दाजींना. मला कळलं. बाकीचे हसले."

हे तिने मलाही सुरुवातीला सांगितले नव्हते. गाडी दारात येऊन चार महिने धूळ खात उभी होती, तेव्हा एका सकाळी तिने कव्हर काढले, काच पुसली आणि म्हणाली, "अहो, मला शिकवाल का? पण कुणाला सांगायचं नाही. परवाना हातात येईपर्यंत नाही." मी 'बघू' म्हणालो नव्हतो.

"आणि गुडघा?" अभिनंदनने विचारले. आवाज अजून खालीच होता.

"गुडघा केला की तीन महिने क्लच दाबता येणार नाही. डॉक्टरांना विचारलंय मी. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आधी क्लच, मग गुडघा."

"पैसे संपल्यावर गुडघा कशानं करणार?"

"तो मी बघीन. शिवारातला तुकडा आहे की."

"आई, दुखतंय तुला. मला दिसतंय."

"दुखतंय. म्हणून तर यांनी हलका सांगितला." तिने माझ्याकडे बघितले. मला उगीचच लाज वाटली. "हे तिथं जाऊन स्वतःचा पाय लावून बघून आले. तुला वाटलं स्वतःसाठी."

अभिनंदन माझ्याकडे वळला. "आप्पा, तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही तरी विचार करा. हा हलका पुन्हा जळणार. मुनीर काय म्हणाला ऐकलंत ना? पुन्हा सव्वातीन. तुम्ही आईला समजवायचं सोडून..."

"नाही," मी म्हणालो.

"कशाला नाही?"

"सगळ्यालाच." मी पाणी प्यायलो. "पुन्हा जळला तर पुन्हा बदलू. हुबळीला फोन करून सांग, येऊ नका. तुला सांगायचं नसेल तर नंबर दे, मी सांगतो."

मी अनोळखी माणसाला फोन करत नाही हे अभिनंदनला माहीत आहे. मी अजूनही करत नाही. पण त्या दुपारी मी केला. समोरचा माणूस कन्नड वळणाच्या हिंदीत बराच वेळ भाव वाढवत राहिला आणि मी प्रत्येक वेळी "नहीं" म्हणालो. फोन ठेवला तेव्हा कान घामाने ओला झाला होता. अभिनंदन दारात उभा राहून ऐकत होता. त्याने आपले ताट उचलून मोरीत ठेवले.

माल यायला वेळ लागला. गाडी तयार झाल्याचा मुनीरचा फोन आला तो नेमका शनिवारी, अभिनंदन घरी असताना. आम्ही तिघे रिक्षाने उद्यमनगरात गेलो. मुनीरने चावी माझ्यापुढे धरली. मी ती पद्माला दिली.

मुनीरने आधी चावीकडे बघितले, मग तिच्याकडे. "आक्का, तुमी?"

"का रे? सीट पुढं येत नाही का?"

"येती की." तो धावत गेला आणि सीट पुढे घेऊ लागला. क्लच कसा जळला ते तिने त्याला सांगितले. मग खिडकीतून आत वाकून त्याने तिला समजावले की चढावर हँडब्रेक लावायचा, लिंबूबिंबू आता चटणीला ठेवायचे. तिने पेडल दाबून बघितले, दोनदा, तिसऱ्यांदा. चेहऱ्यावर वेदना आली नाही. मी तिकडेच बघत होतो.

"आन् सर, खोटं कशाला बोलला मला?" मुनीरने मला हळूच विचारले. "मी चालवतो म्हणून?"

"कबूल केलं होतं."

"गॅरेजमधी सगळ्यास्नी सांगितलं की वो मी. पैलवान, सुई, सगळं."

"असू दे," मी म्हणालो.

गॅरेजच्या दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत थोडा चढ आहे आणि रस्ता अरुंद. ओतीव मालाने भरलेले टेम्पो दोन्ही बाजूंनी येतात-जातात. अभिनंदन मागच्या सीटवर अंग चोरून बसला. मी पद्माच्या शेजारी बसलो. गाडी दारातून बाहेर निघाली, चढाला लागली, अर्धी रस्त्यात आली आणि बंद पडली.

मागून एक टेम्पो आला, समोरून दुसरा. रिक्षा, दुचाक्या. हॉर्न सुरू झाले. पद्माने चावी फिरवली, गाडी सुरू झाली, एक धक्का खाल्ला आणि पुन्हा बंद पडली.

"आई, उतर," मागून अभिनंदन म्हणाला. "मी काढून देतो. फक्त चढापुरतं."

पद्माचे हात स्टिअरिंगवर होते. तिने आरशात बघितले, त्या हॉर्नच्या रांगेकडे. मग दाराच्या कडीकडे तिचा हात गेला.

"बस," मी म्हणालो आणि मीच उतरलो.

मी वर्गात कधी शिकवले नाही, कारण चाळीस जणांसमोर उभे राहायची मला भीती वाटायची. तिथे चाळीसपेक्षा जास्त लोक होते. मी मुख्य रस्त्यात जाऊन समोरच्या टेम्पोपुढे उभा राहिलो आणि हात वर केला.

"ओ आजोबा, बाजूला व्हा की!" टेम्पोवाला ओरडला.

"थांबा," मी म्हणालो. आवाज आधी निघालाच नाही. पुन्हा म्हणालो, "थांबा. गाडी शिकतायत."

"शिकायला हीच जागा घावली व्हय?"

"हीच."

तो काहीतरी बोलला, ते लिहिण्यासारखे नाही. दुचाकीवरची दोन पोरे हसली. मला घाम आला, आपण मूर्खासारखे दिसतो आहोत याची खात्री पटली, आणि हात दुखायला लागला. मी तो खाली घेतला नाही. मागे पद्माने चावी फिरवली. इंजिनचा आवाज वाढला. हॉर्न वाजतच होते. मी मागे वळून बघितले नाही, कारण ती घाबरेल असे वाटले, की मीच घाबरेन.

मग निळी गाडी माझ्या अंगाजवळून गेली. बंद न पडता, धक्का न खाता, वळण घेऊन स्टेशनच्या दिशेने. मागच्या काचेतून अभिनंदनचा चेहरा दिसला, तो मला हाताने काहीतरी खुणावत होता. गाडी थांबली नाही. थांबवली असती तर पुन्हा बंद पडली असती, हे तिला कळले असणार.

मी हात खाली घेतला. टेम्पो निघाला. मुनीर दारातून बाहेर आला.

"सर, तुमाला सोडून गेल्या की आक्का."

"गेली," मी म्हणालो आणि चालत घराकडे निघालो.